पीअरलेस असॅसिन १२० एसई: आधी वॅट मोजा, मग मिलिमीटर

सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, थंड ठेवणाऱ्या कूलरच्या खोक्यावर एक वॅटचा आकडा ठळक छापलेला असतो. २२०, २४०, २६०. हा आकडा आधी डोक्यातून काढून टाका. तो कोणत्या प्रोसेसरवर मोजला, खोली किती गरम होती, पंखा किती जोरात फिरत होता, यातलं काहीच खोक्यावर नसतं. आणि तो मोजायची सगळ्या कंपन्यांनी पाळावी अशी एकच पद्धतही नाही. कूलर ठरवताना कामाचे आकडे दोनच: प्रोसेसर प्रत्यक्षात किती वॅट ओढतो आणि कॅबिनेटच्या आत किती मिलिमीटर जागा आहे. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई हा दोन मनोऱ्यांचा (पातळ पत्र्यांच्या दोन उंच चळतींचा) कूलर गेली काही वर्षं ‘डोळे झाकून घ्या’ म्हणून सुचवला जातो. कूलर चांगला आहे, शंकाच नाही. पण डोळे उघडे ठेवून घेतला तर जास्त बरं.

प्रोसेसर किती ओढतो

नावापुढचा टीडीपी, म्हणजे कंपनीने छापलेला वॅटचा आकडा, आणि प्रत्यक्षात ओढलेली वीज यांत बरंच अंतर असतं. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची जागा) ‘६५ वॅट’चा रायझन ८८ वॅटपर्यंत जातो, ‘१०५’वाला १४२ पर्यंत आणि ‘१७०’वाला थेट २३० पर्यंत. जुन्या एएम४ वरही ६५ वाल्याची मर्यादा बहुतेकदा ८८ वॅटच होती, ५६००एक्ससारख्या काहींची ७६. इंटेल मूळ आणि कमाल असे दोन्ही आकडे छापतं, फक्त दुसरा आकडा वाचायचे कष्ट घ्यावे लागतात: कोअर आय५-१२४०० ला ६५ आणि ११७, आय५-१४६००के ला १२५ आणि १८१, आय९-१४९००के ला १२५ आणि २५३. त्यातही ‘के’ प्रोसेसरवर अनेक मदरबोर्डांनी ही वरची मर्यादा मुळातच सैल सोडलेली असते. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पीएल१ आणि पीएल२, म्हणजे दीर्घकाळाची आणि थोड्या वेळाची वीजमर्यादा, यांच्या समोर चार हजारांच्या घरातला आकडा दिसला तर मर्यादा नाहीच असं समजायचं. मग कितीही मोठा कूलर आणा, तो अपुराच पडणार.

उलट उदाहरण रायझन ७ ७८००एक्स३डीचं. कागदावर १२० वॅटचा, पण सगळे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) कामाला लावले तरी साधारण ८०-९० वॅटच्या आसपास घुटमळतो. तरीही अंगाने गरम. कारण याच्यात जादा कॅशेचा (आतल्या झटपट मेमरीचा) थर कोअर असलेल्या चिपच्या डोक्यावर बसवलेला आहे, त्यामुळे उष्णतेला वर यायला आडवाट करावी लागते. शिवाय चिप इवलीशी. थोड्या जागेत जास्त उष्णता निर्माण झाली की अडथळा चिप आणि वरचं धातूचं झाकण यांच्यामध्येच असतो, आणि तिथे बाहेरच्या कूलरचा हात पोचत नाही. अशा प्रोसेसरवर साधा एका मनोऱ्याचा कूलर आणि सर्वात भारी कूलर यांच्यात मोजकेच अंश फरक पडतो. याची कमाल मर्यादा ८९ अंश. गेम खेळताना सत्तरीत असेल तर पुढे काही करायची गरज नाही.

रायझन ९ ७९५०एक्ससारख्या प्रोसेसरची गंमत आणखी वेगळी. तो मुद्दामच ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथे स्थिरावेल असा बनवलाय. वीज आणि तापमान यांतली जी मर्यादा आधी लागेल तिथपर्यंत क्लॉक (कामाचा वेग, मेगाहर्ट्झमध्ये) वाढवत न्यायचा हा त्याचा स्वभाव. त्यामुळे नवा कूलर लावूनही आकडा ९५ च दिसतो आणि माणूस हिरमुसतो. इथे तापमान बघून उपयोग नाही. त्याच कामाला आधी किती मेगाहर्ट्झ मिळत होते आणि आता किती, ते बघायचं.

सोबत आलेला कूलर बदलायलाच हवा का? रायझन ५ ५६०० सोबत रेथ स्टेल्थ येतो, इंटेलच्या १२४०० सोबत लॅमिनार आरएम१. दोन्ही आपापल्या प्रोसेसरला मरू देत नाहीत. ऑफिसचं काम, ब्राउझर, थोडंफार गेमिंग असेल तर बदलायचं कारण फक्त आवाज. तो खटकत नसेल तर तेच पैसे रॅममध्ये किंवा एसएसडीत घाला. इंटेलचे ‘के’वाले आणि एएमडीचे ७६००एक्स, ७७००एक्स हे मात्र खोक्यात कूलर न देताच येतात, तिथे हा प्रश्नच उरत नाही.

जागा मोजा, आणि ती तुम्हीच मोजा

पीअरलेस असॅसिन १२० एसईची उंची १५५ मिमी. ही उंची प्रोसेसरच्या झाकणापासून वरची, म्हणून मोजमापही तिथूनच घ्यायचं. कॅबिनेट आडवं करून बाजूचं दार काढा, चौकटीच्या कडेवर पट्टी आडवी टाका आणि प्रोसेसरच्या झाकणापासून त्या पट्टीच्या खालच्या कडेपर्यंत अंतर घ्या. जुना कूलर बसलेला असेल तर तो काढूनच मोजायला लागेल. तेवढ्यासाठी काढायचा नसेल तर कॅबिनेटच्या माहितीपत्रकातली ‘कमाल कूलर उंची’ प्रमाण माना. किमान १६० मिमी लिहिलं असेल तर हा कूलर सुखाने बसतो. १५५ च लिहिलं असेल तर काच आणि हीटपाइपची (उष्णता वर नेणाऱ्या नळ्यांची) टोकं एकमेकांना टेकतील, घेऊ नका.

आता रॅम. पुढचा पंखा पहिल्या रॅम स्लॉटवर झुकतो. थोडा ढोबळ हिशेब करू. पंखा १२० मिमीचा. तो मनोऱ्याच्या माथ्याशी बरोबर लावला तर त्याची खालची कड झाकणापासून ३५ मिमीवर येते. झाकण स्वतः बोर्डापासून साधारण ७-८ मिमी वर असतं. म्हणजे पंख्याखाली बोर्डापासून ४२-४३ मिमी जागा मिळाली. ३१ ते ३४ मिमीच्या ठेंगण्या रॅम पट्ट्या आरामात जातात. ४४ मिमीच्या दिवेवाल्या पट्ट्या जात नाहीत. पंखा चार-पाच मिमी वर सरकवावा लागतो आणि १५५ चे १६० होतात. आधी मोजलेली जागा इथे कामी येते. चार स्लॉटच्या बोर्डावर दोनच पट्ट्या असतील तर त्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात, म्हणजे प्रोसेसरला सर्वात जवळचा स्लॉट रिकामाच राहतो. ही आयती सूट. चारही स्लॉट उंच पट्ट्यांनी भरलेले असतील तर पुढचा पंखा काढून फक्त मधला ठेवा. तापमानात फार फरक पडत नाही, कारण दोन मनोऱ्यांच्या मधला पंखा एकाला ओढतो आणि दुसऱ्याला ढकलतो.

सॉकेटचं कोडं तसं सोपं आहे. एएम४ आणि एएम५ ची भोकं एकाच मापाची. इंटेलच्या ११५एक्स आणि १२०० या सॉकेटची भोकं ७५ मिमी अंतरावर, १७०० आणि १८५१ ची ७८ मिमीवर. या कूलरच्या खोक्यात सगळ्यांचं सामान येतं. जुना कूलर नव्या बोर्डावर नेणार असाल तर मात्र फक्त भोकं जुळवून भागत नाही: १७०० चा प्रोसेसर १२०० च्या मानाने बोर्डाच्या जास्त जवळ बसतो, आणि जुन्याच खांबांवर (बोर्डावर उभे राहणाऱ्या कूलरच्या आधारांवर) कूलर चढवला तर तो टेकतो पण दाबत नाही. तापमान लगेच बोंब मारतं.

खोक्यात काय आहे आणि कसं आहे

सहा हीटपाइप, प्रत्येक ६ मिमी जाडीची, दोन पत्र्यांचे मनोरे, १२० मिमीचे दोन पीडब्ल्यूएम (बोर्डाला वेग ठरवता येणारे) पंखे, दोन्ही पंखे एकाच जागी जोडायची वाय केबल, टीएफ७ पेस्टची (झाकण आणि कूलर यांमधली फट भरणाऱ्या लेपाची) नळी, इंटेलची बॅकप्लेट (बोर्डामागची आधाराची प्लेट), एएमडीचे खांब. तळ सपाट आणि निकेल चढवलेला. काही स्वस्त कूलरमध्ये हीटपाइप थेट प्रोसेसरला टेकतात. तिथे पाइपांच्या मधल्या फटींत पेस्ट भरावी लागते, आणि चिप छोटी असेल तर कडेच्या पाइपांना फारसं काम मिळत नाही. अखंड तळ उष्णता सहाही पाइपांत पसरवतो.

पाइपांच्या आत काय असतं याबद्दल बराच गैरसमज आहे, म्हणून जाता जाता: आतून पोकळ नळी, भिंतीला तांब्याच्या कणांचा सच्छिद्र थर, कमी दाबाखाली थोडंसं पाणी. गरम टोकाला पाण्याची वाफ होते, थंड टोकाला तिचं पुन्हा पाणी होतं आणि तो थर ते पाणी शोषून परत आणतो. म्हणूनच पाइप मोडून चेपली किंवा तिचं टोक चेपून फुटलं की ती मेली. वरून दिसायला मात्र अगदी ठणठणीत.

कामगिरीचं म्हणाल तर १५० वॅटपर्यंत हा कूलर विनातक्रार उष्णता वाहून नेतो, तेही पंखे पूर्ण वेगाला न नेता. १८० च्या आसपास पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागतो. २०० च्या पुढे, म्हणजे १४९००के पूर्ण मोकळा सोडून तासन् तास रेंडरिंग, तिथे तो मागे पडतो. पण हा दोष एकट्या त्याचा नाही. हवेवर चालणारा कोणताही कूलर तिथे घामाघूम होतो. नॉक्चुआचा एनएच-डी१५ शेजारी ठेवला तर फरक काही अंशांचाच. त्याचे जादा पैसे जातात ते पंख्यांच्या दर्जाला, शांततेला, सहा वर्षांच्या वॉरंटीला आणि नवं सॉकेट आलं की ब्रॅकेट पाठवण्याच्या त्यांच्या रिवाजाला. २०१४ साली आलेला तो कूलर २०२२ च्या एएम५ वर आजही बसतो. दहा वर्षं एकच कूलर वापरायचा विचार असेल तर तो खर्च वसूल होतो. दर तीन वर्षांनी मशीन बदलणाऱ्याने तो करू नये.

या कूलरचे दोष? माहितीपत्रक चित्रांचं आणि बारीक. पंखे साधारण दर्जाचे: पूर्ण वेगाला, म्हणजे १५०० आरपीएमच्या आसपास, हवेबरोबर मोटरचा गुणगुणाट ऐकू येतो. आणि पंखे लावायच्या त्या तारा. त्यांच्याविषयी पुढे.

बसवताना

सगळं सामान टेबलावर काढा आणि आपल्या सॉकेटचं बाजूला करून उरलेलं लगेच पिशवीत घाला. बसवताना होणाऱ्या बहुतेक चुका चुकीचा खांब उचलल्याने होतात.

इंटेलवर बॅकप्लेट बोर्डामागून लावायची. तिच्या कोपऱ्यांत सरकवायच्या खाचा असतात. एक जागा ७५ मिमीची, दुसरी ७८ ची. चारही कोपरे एकाच खुणेवर आहेत ना ते बघा, कारण एक जरी चुकला तरी स्क्रू तिरका बसतो आणि माणूस जोर लावत राहतो. एएमडीवर बोर्डाची स्वतःची बॅकप्लेट वापरायची असते. वरचे प्लॅस्टिकचे दोन हुक चार स्क्रू काढून बाजूला करायचे. एएम४ वर हे करताना बोर्ड उभा असेल तर मागची प्लेट धपकन खाली पडते. ती एका हाताने धरून ठेवा. एएम५ वर ती सॉकेटलाच पक्की असते, पडत नाही.

जुना एएम४ कूलर उपटताना विशेष जपा. सुकलेली पेस्ट प्रोसेसरला इतकी घट्ट धरते की सॉकेटची कडी बंद असूनही प्रोसेसर पिनांसकट कूलरला चिकटून वर येतो. पिना वाकल्या की पुढचा दिवस सुई आणि भिंग घेऊन जातो. उपाय साधा: मशीन दहा-पंधरा मिनिटं चांगलं दमवून गरम करा, बंद करा, प्लग काढा, आणि कूलर वर न ओढता डावी-उजवीकडे हलकेच पिळा. पेस्ट सुटल्याचं हाताला कळतं. मगच उचला. एएम५ आणि इंटेलवर प्रोसेसर चौकटीखाली दाबलेला असतो, तिथे ही भीती नाही.

जुनी पेस्ट ९० टक्क्यांच्या वरच्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलने आणि तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसा. नवीन किती? एएम५ वर मधोमध ४-५ मिमीचा एक ठिपका, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा. इंटेल १७०० चं झाकण लांबट असतं, तिथे मध्ये तसाच एक ठिपका आणि चार कोपऱ्यांकडे प्रत्येकी मोहरीपेक्षा थोडा मोठा. बोटाने किंवा कार्डाने पसरवायची गरज नाही. कूलरच्या दाबाने ती आपोआप पसरते, आणि पसरवताना अडकलेली हवा मात्र तशीच राहते. थोडी जास्त झाली तर बाहेर येते, दिसायला घाण, नुकसान काही नाही, कारण टीएफ७ किंवा आर्क्टिकची एमएक्स-४ यांसारख्या पेस्ट वीजवाहक नसतात. लिक्विड मेटल मात्र वीजवाहक असतं. त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियम खातं, बाहेर सांडलं तर बोर्डही घेऊन जातं. या कूलरबरोबर ते वापरायचं काही कारणच नाही.

आता कूलर ठेवण्याआधी तळ उलटा करून बघा. त्यावर पारदर्शक किंवा फिकट रंगाचा संरक्षक पापुद्रा असतो. तो काढायला विसरणारे लोक आजही दर आठवड्याला सापडतात, आणि त्यांचा पहिला निष्कर्ष नेहमी ‘कूलर बोगस निघाला’ हाच असतो.

मधला पंखा आधी लावू नका. स्क्रू दोन मनोऱ्यांच्या मधून घट्ट करायचे असतात आणि पंखा वाटेत येतो. लांब दांड्याचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर घ्या, आखूड चालणार नाही. कूलर सरळ खाली ठेवा, पेस्टवर सरकवू नका. मग एक स्क्रू दोन-तीन वेढे, दुसरा दोन-तीन वेढे, पुन्हा पहिला. एकच बाजू पूर्ण आवळली तर कूलर कलतो, दुसरी बाजू उचलली जाते आणि पेस्ट एकीकडे ढकलली जाते. स्क्रू स्प्रिंगचे आहेत, शेवटी आपोआप अडतात. तिथेच थांबायचं. बोर्ड वाकेपर्यंत पिळलं तर कधीकधी रॅमचा एक चॅनेलच दिसेनासा होतो, आणि माणूस रॅम बदलत बसतो.

आता त्या तारा. पंख्याच्या चौकटीच्या भोकात तारेचं दुमडलेलं टोक घालायचं, मग तिचा फुगीर मधला भाग बोटाने ओढून मनोऱ्याच्या कडेच्या खाचेत अडकवायचा. पुढच्या पंख्याला हे सहज जमतं. मधल्याला बोटं जायलाच जागा नसते. म्हणून मधल्या पंख्याला दोन्ही तारा आधीच लावून ठेवा, त्या बाहेरच्या बाजूला ताणून पंखा वरून सरळ खाली उतरवा आणि मग एकेक तार खाचेवर सोडा. सुटली तर ती सणकन बोर्डावर आदळते, म्हणून वीज बंद असतानाच हे काम. पत्र्यांच्या कडा धारदार आहेत. घाई केली की बोट कापतं.

दिशा: पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या पट्ट्या आणि मोटरचं स्टिकर असतं तिकडून हवा बाहेर पडते. दोन्ही पंख्यांची ती बाजू कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे हवी. एक पंखा उलटा लागला तर दोघं एकमेकांविरुद्ध झुंजतात, आवाज वाढतो आणि तापमानही. वाय केबल सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवर लावा. दुसरीकडे कुठे लावली तर मशीन चालू होताना ‘सीपीयू फॅन एरर’ येतो.

पंख्यांचा वेग, नाहीतर डोकेदुखी

मदरबोर्डची मूळ सेटिंग बहुतेकदा अधीर असते. आधुनिक रायझन ब्राउझर उघडला तरी क्षणभरात १५-२० अंशांची उडी मारतो आणि लगेच खाली येतो. पंखे त्या प्रत्येक उडीबरोबर घूं-घूं करतात. कूलर कितीही चांगला असला तरी हा त्रास त्याने थांबत नाही. बायोसमध्ये ५० अंशांपर्यंत ३५ टक्के, ७० ला ६० टक्के, ८५ ला १०० असा उतार ठेवा आणि वेग वाढायला तीन ते पाच सेकंदांचा विलंब द्या. विलंबाची ही सोय वेगवेगळ्या बोर्डांवर ‘स्टेप अप टाइम’ किंवा ‘स्मूदिंग’ अशा नावांनी असते. तेवढ्याने अर्ध्या तक्रारी संपतात.

दुसरा उपाय फुकटचा आहे आणि तोच सर्वात दुर्लक्षित. वॅट कमी करा. ७९५०एक्स इको मोडमध्ये (बायोसमधल्या वीज कमी करायच्या सोयीने) १०५ वॅटच्या वर्गात आणला तर तो २३० ऐवजी १४२ वॅटवर थांबतो, आणि वेगातली घट त्या मानाने किरकोळ. १४६००के ला पीएल२ १२५ वर आणून ठेवा. गेममध्ये तर फरक शोधून सापडत नाही, कारण गेम मुळातच तेवढी वीज ओढत नाही. शेवटचे काही मेगाहर्ट्झ मिळवायला प्रोसेसर बेसुमार वीज खातो, म्हणून कात्री लावायची तर तिथेच. कूलरचा दर्जा एक पायरी वर न्यायचा तर पैसे पडतात, इथे फक्त बायोसमध्ये जावं लागतं.

तापमान जास्तच येतंय?

आधी कसं वाढतंय ते बघा. तापमान आणि वॅट दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडा, प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी सिनेबेंच आर२३ चाचणी दहा मिनिटं चालवा. भार पडताच दोन-तीन सेकंदांत प्रोसेसर थेट ९५-१०० ला भिडला, आणि तेही ८०-१०० वॅटलाच, तर दोष कूलर आणि झाकण यांच्या संपर्काचा: पापुद्रा, कमी पेस्ट, एकतर्फी आवळलेले स्क्रू, चुकीचे खांब. कूलर काढा आणि पेस्टचा ठसा वाचा. पातळ, सारखा पसरलेला ठसा म्हणजे दाब बरोबर. एका बाजूला जाड आणि दुसरीकडे धातू कोरडा, म्हणजे कूलर कललाय. सगळीकडे जाड थर, म्हणजे कूलर पुरेसा खालीच आलेला नाही.

तापमान हळूहळू, आठ-दहा मिनिटं चढतच गेलं तर संपर्क ठीक आहे, कॅबिनेटची हवा कोंडतेय. खात्री करायला बाजूचं दार उघडून तीच चाचणी घ्या. पाच-सहा अंश किंवा जास्त उतरलं तर नवा कूलर घेऊन काही होणार नाही; पुढून आत घेणारे दोन पंखे आणि मागून बाहेर टाकणारा एक, एवढं आधी करा. पुढे अखंड काच असलेली कॅबिनेट या बाबतीत हमखास गुन्हेगार. ग्राफिक्स कार्ड २००-३०० वॅट गरम हवा सोडत असेल तर ती सरळ वर कूलरकडे जाते, म्हणून एकट्या सीपीयूच्या चाचणीत छान वागणारं मशीन गेममध्ये तापतं.

आकडे नेहमी खोलीच्या तापमानासकट बघा. खोली २५ ची ३५ झाली की प्रोसेसरही जवळपास दहा अंश वर जातो. हिवाळ्यातला स्क्रीनशॉट आणि उन्हाळ्यातला स्क्रीनशॉट शेजारी ठेवून कूलर खराब झाला असं ठरवू नका.

इंटेलच्या १७०० (पूर्ण नाव एलजीए १७००) सॉकेटवर एक जादा भानगड आहे. सॉकेटची कडी प्रोसेसरला दोनच ठिकाणी, मधोमध दाबते, त्यामुळे झाकण किंचित वाकतं आणि कूलर मध्ये नीट टेकत नाही. त्यासाठी कॉन्टॅक्ट फ्रेम मिळते. मूळ कडी काढून ती बसवली की काही अंश उतरतात. ११०-१२० वॅटच्या प्रोसेसरला तिची गरज नाही. १४९००के असेल तर विचार करा, पण वॉरंटीच्या अटी वाचून, आणि स्क्रू जेमतेम आवळून.

हा नको असेल तर

६५ वॅटच्या वर्गासाठी दोन मनोरे लागतच नाहीत. डीपकूलचा एके४०० किंवा थर्मलराइटचाच असॅसिन एक्स १२० एसई: चार पाइप, एक पंखा, रॅमवर झुकत नाहीत, बसवायला पाच मिनिटं. असॅसिन एक्सची उंची १४८ मिमी असल्याने तो अरुंद कॅबिनेटमध्येही जातो. बहुतेक घरच्या मशीनना खरं तर हाच वर्ग पुरतो.

छोट्या डब्यासारख्या कॅबिनेटला नॉक्चुआ एनएच-एल९, ३७ मिमी, किंवा थर्मलराइट एएक्सपी९०-एक्स४७, ४७ मिमी. यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. प्रोसेसर ६५ वॅटवर बांधून ठेवायची तयारी हवी.

पाण्यावरचा कूलर दोनच कारणांसाठी घ्या: २०० वॅटच्या वरचं दीर्घ काम, किंवा दिसायला हवा म्हणून. दुसरं कारणही प्रामाणिक आहे, फक्त ते तापमानाच्या नावाखाली सांगू नये. आर्क्टिकचा लिक्विड फ्रीझर ३ ३६० या वर्गात जोरदार आहे, पण त्याचा रेडिएटर (पाणी थंड करणारा पत्र्यांचा भाग) नेहमीच्या २७ ऐवजी ३८ मिमी जाड. त्यावर २५ चे पंखे, म्हणजे ६३ मिमी. वरच्या बाजूला एवढी जागा अनेक कॅबिनेटमध्ये नसते, बोर्डाच्या वरच्या काठाचे हीटसिंक आड येतात. रेडिएटर वर लावा. पुढे लावायचा असेल तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच हवं. पंप सर्वात उंच जागी राहिला तर हवा त्यात साचते, गुरगुर सुरू होते आणि पंप लवकर जातो. चाचणी अर्धा तास तरी घ्या, कारण पाणी गरम व्हायलाच दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि पहिल्या दोन मिनिटांचे आकडे भलतेच गोड दिसतात. पाणी नळ्यांमधून वर्षानुवर्षं थोडं थोडं उडून जातं. पाच-सहा वर्षांनी हा कूलर बदलावा लागेल असं धरूनच घ्या. हवेच्या कूलरमध्ये बिघडण्यासारखा भाग एकच, पंखा, आणि १२० मिमीचा पंखा कुठेही मिळतो.

मशीन कुरिअरने किंवा गाडीत लांब न्यायचं असेल तर दोन मनोऱ्यांचा कूलर काढून वेगळा बांधा. बोर्ड उभा असताना एवढं वजन सॉकेटच्या चार भोकांना लटकलेलं असतं. रस्त्यातल्या एका जोरदार खड्ड्याने बोर्डाला चीर जाऊ शकते. आणि उरलेले खांब, पट्ट्या, बॅकप्लेट आणि स्क्रू यांची ती पिशवी फेकू नका. तिच्यावर कूलरचं नाव लिहून मदरबोर्डच्या खोक्यात टाका. उद्या इंटेलवरून एएमडीवर गेलात तर तिच्याशिवाय हा कूलर म्हणजे नुसता पत्र्याचा गठ्ठा.